माडीवर फरशी बसवायची? मिस्त्री असा निवडा

मुलाचं लग्न ठरायच्या बेतात आलं की साताऱ्यातल्या जुन्या वाड्याला एकाएकी अटॅच बाथरूम कमी पडायला लागतं. तोवर चार पिढ्यांना ते कधी कमी पडलेलं नसतं. मुलीकडचे येतात, पोहे होतात, मोती चौकातून आणलेले कंदी पेढे फिरतात, आणि मुलीची मावशी सहज विचारल्यासारखं विचारते, "वर माडीवर बाथरूम असेलच ना?" आपण म्हणतो, "आहे की. म्हणजे, होतंय." या 'होतंय'पासून पुढचं सगळं रामायण सुरू होतं. ते बिनचूक पार पडावं म्हणून हा सल्ला. तुम्हाला फुकट देतोय. मला बराच महाग पडला होता.

आधी जागेचं बघू. पेठेतल्या वाड्याची माडी म्हणजे कडीपाट: भिंतीपासून भिंतीपर्यंत लाकडी कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर मुरूम-मातीचा थर. आपल्या पणजोबांनी न्हाणी खाली परसात बांधली, कारण त्यांची दृष्टी तेवढीच. पाणी सांडायचं तर जमिनीवर सांडावं, लाकडावर नाही, अशी त्यांची काहीतरी जुनाट समजूत होती. ती सोडून द्या. कोपरा निवडताना त्याच्या बरोबर खाली काय आहे एवढंच पाहा. वाटणीत तळमजला चुलतभावाकडे गेला असेल आणि त्या कोपऱ्याखाली त्यांचं देवघर असेल, तर याहून चांगली जागा नाही. वर काही बिघडलंच तर तुम्हाला शोधत बसावं लागत नाही, खबर स्वतः जिना चढून येते.

आता मिस्त्री. समोरचे आबा त्यांच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री पाठवतील. येऊ द्या. कोणाला काम द्यायचं नाही हे त्यामुळे नक्की होतं. हा माणूस चपला जिन्याखाली काढून येतो, तिथेच समजावं की हा वेळ खाणार. पुढे केलेला चहा तो पीत नाही. कप फळीवर ठेवतो, स्वतः बाजूला उकिडवा बसतो आणि म्हणतो, "मालक, जरा दारापासनं खिडकीपातूर चालून दावा." तुम्ही स्वतःच्या घरात, परक्या माणसासमोर, मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात चालतात तसे चालता. तो तुमच्याकडे बघतच नाही. तो कपाकडे बघतो. चहावरची साय आधी नुसती थरथरते, मग तिला सुरकुती पडते, आणि तुम्ही खिडकीशी पोचेपर्यंत एक थेंब बशीत उडालेला असतो.

"हालती," तो म्हणतो.

मग थापीच्या दांड्यानं ठोकत ठोकत तो भिंतीकडे सरकतो. मधे टणटण वाजणारं लाकूड भिंतीजवळ आलं की भदभद वाजायला लागतं. "कडीचं टोक भितीत शिरतंय न्हवं, तितं ओल धरती. आतनं कुजल्यालं असणार. फळ्या उचकटून बगाय लागंल."

आणि मग त्याची यादी. मधे दोन कड्या जादा घाला. त्यावर मरीन प्लाय, साधा नाही, आयएस ७१० छाप असलेला. त्यावर सिमेंटचा बोर्ड, वीत-वीत अंतरावर स्क्रू मारून, सांध्यांना जाळीची पट्टी लावून. त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, भिंतीवरही फूटभर चढवून. मग नहाणी ट्रॅपला, म्हणजे पाणी जायच्या भोकाला, बोळा घालून २४ तास पाणी तुंबवून ठेवायचं आणि खाली जाऊन बघायचं. हे सगळं झाल्यावर मग फरशी, तीही वाळू-सिमेंटात नाही, फरशी चिकटवायच्या लवचिक केमिकलमध्ये. आणि भिंतीच्या कडेला सिमेंट भरायचं नाही, सिलिकॉन भरायचं. का? तर म्हणे लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, फरशी मात्र आहे तेवढीच राहते. मग दोघांची ओढाताण सोसणारं मधे काहीतरी नको का? म्हणजे बघा, घरातल्या भाऊबंदकीत मध्यस्थ घालून आपण दमलो, आता फरशीलाही मध्यस्थ.

"किती दिवस लागतील?" असं विचारायची चूक मी केली.

"तीन दिस तर निस्तं उचकटून बगाय."

यावर मराठीत एकच उत्तर आहे: "बघू, घरी विचारून सांगतो." घरात कोणालाही विचारायचं नसतं, हे त्यालाही ठाऊक असतं. तो गार झालेला चहा पितो आणि जातो.

आपला माणूस दुसरा. तो मोटारसायकलवरून येतो आणि कानाचा फोन न काढता जिना चढतो. उंबऱ्यातूनच आत नजर टाकतो. "चार बाय सहा. उद्या चार वाजता खेळ खलास." टेप लावत नाही. टेप म्हणे डोळ्यातच आहे. खाली लाकूड आहे हे तुम्ही दबकत सांगितलंत, तर तो हसतो. "लाकूड काय घिऊन बसला सायेब, पत्र्यावर बसवून दिल्यात." हलतं जरा, असं म्हणालात तर, "दोन इंच माल टाकला की हालायचं बंद." आणि मग ते दोन शब्द येतात, ज्यांच्यावर आमच्या साताऱ्यात लग्नं जमतात, बंगले उठतात आणि निवडणुका लढवल्या जातात: "होतंय की!"

हे ऐकल्यावर छातीवरचा भार उतरतो, हे मी अनुभवाने सांगतो. 'बघावं लागेल' म्हणणाऱ्या डॉक्टरकडे आपण दुसऱ्यांदा जात नाही, 'सांगता येत नाही' म्हणणाऱ्या वकिलाला फी देताना हात जड होतो. मग मिस्त्रीनंच काय पाप केलंय की त्यानं आधी फळ्या उचकटाव्यात?

जुनं काम दाखव म्हणून हट्ट धरू नका. फारच शंका आली तर मोबाइलवर फोटो मागवा. फोटो काम संपलं त्याच दिवशी, फरशी ओली असताना काढलेले असतात, आणि ओली फरशी नवरीसारखी दिसते. दोन पावसाळे झालेलं काम प्रत्यक्ष बघायला जायचं, तिथे थापीच्या दांड्यानं फरशा वाजवायच्या, कुठे पोकळ आवाज येतो ते ऐकायचं, असले उद्योग माणुसकीला शोभत नाहीत. लोकांच्या संडास-बाथरूममध्ये घुसून ठोकाठोक करणं बरं दिसतं का?

व्यवहार उक्ता ठरवा. रोजानं दिलं तर माणूस सावकाश आणि नीट करतो, उक्तं दिलं तर लवकर करतो. उचल मागितली की अर्ध्याहून जास्त द्या, त्याशिवाय नातं घट्ट होत नाही. त्यानंतर मिस्त्रीचं कॅलेंडर मात्र पाठ करावं लागतं. पौषात मांढरदेव, पौषातच पालीचा खंडोबा, रंगपंचमीला बावधनचं बगाड, चैत्रात शिखर शिंगणापूर. यातली प्रत्येक जत्रा त्याच्या घरची असते. माणसाला चार गावांचं मूळ कसं असू शकतं, हा प्रश्न देवाधर्माचा आहे, त्यात पडू नये.

तो जत्रेत असताना तुम्ही टाइल्स आणा. खरी मजा इथे आहे, आणि खरा पैसाही इथेच घालवायचा असतो, कारण पाहुण्याला टाइल दिसते, टाइलखालचं दिसत नाही. दुकानात पहिलं वाक्य 'मोरबीचा माल आहे' हे असतं. दुसरं काही असू शकत नाही, कारण सगळ्यांचाच गुजरातेतल्या मोरबीचा असतो. मग डार्क, लाइट आणि हायलायटर, म्हणजे चित्राची टाइल, असा संच मांडतात. हायलायटरवर डॉल्फिन घ्यावा की धबधबा, यावर आमच्याकडे दोन दिवस मतभेद चालले. ठोसेघर अर्ध्या-पाऊण तासावर असताना धबधबा भिंतीवर कशाला, असं मी म्हणालो. धबधबाच आला. पुढे जे झालं ते पाहता ती निवड दूरदृष्टीची होती असं आता वाटतं.

जमिनीला २ बाय ४ फुटांची गुळगुळीत व्हिट्रिफाइड घ्या. ४ बाय ६ च्या बाथरूमला बरोबर तीन लागतात. तीनच घ्या, दहा टक्के जादा घ्या म्हणणारा दुकानदार लबाड समजा. पुढे एखादी तडकली तर तोच नंबर परत मिळतो. फक्त खोक्यावरचा बॅच नंबर वेगळा असतो आणि रंग दुसऱ्या घरातून आणल्यासारखा. लहान आणि खरखरीत फरशी घेतली तर चारी बाजूंनी ट्रॅपकडे ढाळ देता येतो आणि पाय घसरत नाही, पण ती हॉस्पिटलसारखी दिसते. मोठी फरशी चारी बाजूंनी वळत नाही. ती एकाच बाजूला कलते. कुठल्या, ते मिस्त्री ठरवतो.

केमिकलच्या पोत्याकडे बघू नका. त्यावर आयएस १५४७७ आणि कुठला टाइप असं काहीबाही छापलेलं असतं. भिंतीची सिरॅमिक टाइल वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते, म्हणून ती सिमेंटला धरते. व्हिट्रिफाइड अर्धा टक्कासुद्धा पीत नाही, म्हणून तिला नुसतं सिमेंट धरत नाही, हे मला नंतर कळलं. न पिणाऱ्यावर विश्वास ठेवू नये असं म्हणतात ते बहुधा यावरून.

कामाचा दिवस बघण्यासारखा असतो. मिस्त्री फळ्यांवर खिळे अर्धवट ठोकतो, 'पकड यायला'. वर कोंबडीची जाळी अंथरतो. त्यावर दोन इंच माल. ४ बाय ६ वर दोन इंच म्हणजे चार घनफूट, वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास. साखरेची साडेचार पोती देवघराच्या डोक्यावर ठेवल्यासारखं. त्यावर फरशी, त्यावर कास तलावाचं पाणी साठवायला दोनशे लिटरचा पिंप, तो भरला की आणखी दोन क्विंटल. मिस्त्री खोटं बोलला नव्हता. हलणं थोडं कमी होतं. वाकणं सुरू होतं.

उन्हाळ्यातल्या सुक्या फळ्या मालातलं पाणी घटाघटा पितात आणि सिमेंटाला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही. खालचा थर राखुंडीसारखा भुसभुशीत राहतो. हे दिसत नाही, म्हणून काळजी नाही. फरशीला फरशी चिकटवून बसवायला सांगा, मधे फट नको. फट ठेवली की घाण साठते, असं आमच्या मंडळींचंही मत होतं. कोपऱ्यात सिमेंट दाबून घ्या. वॉटरप्रूफिंगचा विषय निघालाच तर मिस्त्री सिमेंटात पांढरं दूध ओततो आणि डबा तुम्हाला दाखवतो. डबा मोठा असावा.

चार वाजता खेळ खलास होतो. चारच्या ऐवजी आठ वाजतात, आणि तो दिवस पाचवा असतो, पण खलास होतो. सहा फुटांत पाऊणएक इंचाचा ढाळ पुरतो. आमच्याकडे तो चांगला दीड इंच होता, फक्त दाराकडे. पहिली बादली ओतली तेव्हा पाणी ट्रॅपकडे पाठ फिरवून थेट नव्या जोडप्याच्या खोलीत गेलं. "उंबरा घाला की," मिस्त्री म्हणाला. उंबरा घातला.

पाणी तुंबवून चाचणी घ्यायची गरज नाही. ती खालच्या मजल्यावर आपोआप होते. आमची श्रावणातल्या पहिल्या सोमवारी झाली. सकाळी सहाला चुलतभाऊ वर आला. गेली सात वर्षं आम्ही फक्त वकिलामार्फत बोलतो, त्यामुळे त्याला बघून मला भरूनच आलं.

"दादा," तो म्हणाला, "आमच्या पिंडीवर रात्रीपास्नं वरनं संततधार लागलीय. काकीनं आधी हात जोडले, देव पावला म्हणाली. मग तिला साबणाचा वास आला."

मी मिस्त्रीला फोन लावला. चौदाव्या वेळी उचलला. "सायेब, लाकूड हालतंय तुमचं. म्या पैल्याच दिवशी सांगितलं व्हतं." मग मागे ढोल वाजू लागले आणि त्याला माझं ऐकू येईना.

भादव्यात मधली फरशी तडकली. दिवाळीपर्यंत पाय ठेवला की ती 'टक' म्हणायची, काढला की परत 'टक'. लग्न मात्र ठरल्याप्रमाणे झालं, त्यात काही विघ्न नाही. मुलगा-सून पुण्यात असतात, भाड्याचा टू बीएचके, दोन्ही बाथरूम अटॅच. सणाला येतात तेव्हा सूनबाई आंघोळीला खाली परसातल्या न्हाणीत जातात. तिथे बरं वाटतं म्हणे, पाणी कुठं जाईल याची धास्ती नसते.

या टप्प्यावर तुम्ही आबांकडून त्या म्हाताऱ्या मिस्त्रींचा नंबर घ्यावा. ते येतात. 'मी म्हणालो होतो' असं एका शब्दानं म्हणत नाहीत, याचाच जास्त राग येतो. चपला जिन्याखाली काढतात. चहा घेतात, धबधब्यासमोर फरशीवर कप ठेवतात आणि उकिडवे बसतात. तुम्ही न सांगता दारापासून खिडकीपर्यंत चालता. फरशी टक म्हणते.

"आता ह्यो माल बी काडाय लागंल," ते म्हणतात. "मग फळ्या. चार-पाच दिस निस्तं बगाय."

त्यांना म्हणावं, बघू, घरी विचारून सांगतो. आणि दुकान आठला बंद व्हायच्या आत निघावं. नवे हायलायटर आलेत म्हणे, हंसांचे.