एडिटरलापण मिळतंय व्हय?

2025 च्या सप्टेंबरात एमटीव्ही या अमेरिकी चॅनेलचे व्हिडिओ म्युझिक अवॉर्ड्स, म्हणजे गाण्यांच्या व्हिडिओंची बक्षिसं, झाली ती आमच्या घरापासून वीस मिनिटांवर, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या कडेला असलेल्या एल्मॉन्टच्या यूबीएस अरीनात. आम्ही आपलं सोफ्यावर बसून टीव्हीवरच पाहिले. तिकिटाच्या पैशात आमचं महिन्याचं वाणसामान येतं.

मी कौतुकानं दोन क्लिपा घरच्या ग्रुपवर टाकल्या आणि कोल्हापुरात भांडण पेटलं. दादाचं म्हणणं, आपल्या वाहिन्या स्वतःच्याच मालिकांना बक्षिसं वाटतात, घरचीच पूजा आणि घरचाच प्रसाद. तिकडं बघा, कलेची कदर! वहिनीनं लगेच 2010 काढलं. त्या साली गायिका लेडी गागा या सोहळ्यात कच्च्या मांसाचा ड्रेस घालून आली होती. ही कदर म्हणायची? मग गाडी लावणीवर, जत्रेतल्या स्टेजवर आणि ‘आजकालच्या पोरांवर’ गेली. ती जातेच.

दादा, तुझी कल्पना गोड आहे, पण पूजा इथंही घरचीच. हा सोहळा चॅनेलनंच 1984 साली न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये सुरू केला. बक्षीस म्हणून मिळतो तो चंद्रावर उतरलेला अंतराळवीर, म्हणजे चॅनेलचीच जुनी खूण. मोठी बक्षिसं चाहत्यांच्या ऑनलाइन मतांवर ठरतात, त्यामुळे ज्याची फौज मोठी त्याचा चंद्र. आणि गाण्यांच्या व्हिडिओंवर उभं राहिलेलं हे चॅनेल आता दिवसाचे कितीतरी तास लोकांच्या फजितीच्या क्लिपा दाखवतं. वर्षातून एक रात्र गाण्यांची आठवण काढायची, पितरांना पान वाढल्यासारखी.

तरी मला या सोहळ्यातली एक गोष्ट हवीशी वाटते, आणि ती दाखवली अभिनं, माझ्या पुतण्यानं. तो पेठेतल्या एका खोलीत बसून अल्बमच्या गाण्यांचं एडिटिंग करतो. सगळं भांडण वाचून त्यानं एवढंच विचारलं, ‘काका, तिथं एडिटरलापण मिळतंय व्हय?’

मिळतं. दिग्दर्शन, छायाचित्रण, नृत्य, संकलन या सगळ्यांना वेगळी बक्षिसं आहेत. 2009 चा सोहळा लोकांना आठवतो तो रॅपर कान्ये वेस्टनं बक्षीस घ्यायला आलेल्या गायिका टेलर स्विफ्टच्या हातातला माइक हिसकावला म्हणून. ज्या व्हिडिओसाठी तो तणतणत होता, त्या गायिका बियॉन्सेच्या ‘सिंगल लेडीज’ला त्याच वर्षी सर्वोत्तम व्हिडिओखेरीज नृत्याचं आणि संकलनाचंही बक्षीस मिळालं. नृत्य बसवणाऱ्यांपैकी जॅक्वेल नाइटनं पुढं 2020 मध्ये त्या स्टेप्सचा कॉपीराइटच स्वतःच्या नावावर नोंदवून घेतला. आपल्याकडं गल्लोगल्ली ज्या स्टेप्सवर वराती नाचतात, त्या कुणी बसवल्या हे नवरदेवाला सोडा, बँडवाल्यालाही ठाऊक नसतं.

त्याच्याही आधी, 1991 साली, जालंधरला जन्मलेल्या तरसेम सिंगनं आर.ई.एम. या अमेरिकी बँडच्या ‘लूझिंग माय रिलिजन’साठी दिग्दर्शनाचं बक्षीस नेलं. त्या व्हिडिओत मधूनच आपल्या कॅलेंडरवरच्या देवांसारखी सजवलेली माणसं दिसतात. वहिनी, हाही ‘तिकडचा’ व्हिडिओच हं.

हे सगळं मी अभिला मोठ्या ऐटीत लिहून पाठवलं. कारागिरांची बहुतेक बक्षिसं टीव्हीवर दाखवतच नाहीत, सगळा वेळ गाणाऱ्यांच्या कपड्यांना जातो, हे मात्र गाळलं. वहिनीच्या हाती आयतं कोलीत कशाला द्या!

त्याचं एक गाणं मागच्या गणपतीत रीलवर बरंच फिरलं होतं. चार रात्री जागून कापलेलं. नाव कुठंच नव्हतं, आणि ठरलेले पैसेही निम्मेच आले. मी म्हटलं, पैशाआधी नाव माग. दादा म्हणाला, अमेरिकेत बसून सल्ले द्यायला काय जातं! त्यातही तथ्य आहेच. मला कुणी पुढचं काम नाकारणार नव्हतं.

पण पोरानं मागितलं. परवा नव्या गाण्याची लिंक आली. गाणं बाजूला ठेवून मी आधी खालची यादी उघडली. निर्माता, त्याचे आई-वडील, गायक, मेकअप, ड्रोन, जेवणाची सोय, जनरेटर, आणि मग ‘संकलन’. आडनावात एक काना कमी. विशेष आभार समस्त ग्रामस्थ.

दादानं त्या यादीचा स्क्रीनशॉट काढून अख्ख्या ग्रुपवर टाकलाय. वहिनीनंही अंगठा दिलाय, गाण्यात जत्रेतलाच नाच असूनसुद्धा.