४० मिनिटांचं इंग्रजी

वेल्समधल्या कार्डिफमध्ये वळण आलं की रस्त्यावरच पांढऱ्या रंगात दोन शब्द रंगवलेले दिसतात. इंग्रजीत 'स्लो' आणि वेल्शमध्ये 'आरव'. अर्थ एकच, हळू. बेळगावात वाढलेल्या माणसाला कुठली भाषा वर नि कुठली खाली हे आधी दिसतं, ती खोड इथं येऊनही गेली नाही. १९६०-७०च्या सुमारास इथल्या भाषाप्रेमींनीही नुसत्या इंग्रजी पाट्यांना रंग फासला होता हे कळलं, तेव्हा तर मला घरी आल्यासारखंच वाटलं.

माझी मुलगी वेल्श माध्यमाच्या शाळेत जाते. सात वर्षांची होईपर्यंत तिथं इंग्रजीचा तास बंधनकारक नाही. हे गावाकडच्या ग्रुपवर सांगितलं आणि फसलो. एक म्हणाला, "बघा, तिकडं मातृभाषेतच शिकवतात!" (वेल्श आमची मातृभाषा कधी झाली, देव जाणे.) दुसरा म्हणाला, "तुझं काय जातंय बे तिकडं बसून सांगायला?"

दुसऱ्याचं बरोबर आहे. माझ्या मुलीला शाळेबाहेर पाऊल टाकलं की बसमध्ये, दुकानात, बागेत इंग्रजी फुकट मिळतं. खानापूर तालुक्यातल्या आडगावच्या पोराला ते मिळतं शाळेतल्या ४० मिनिटांत, बस्स. पोराचं माध्यम पालकांनी ठरवावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये कर्नाटकाच्याच खटल्यात सांगून टाकलं. २००४ मध्ये त्याच न्यायालयात गेलेला सीमेचा दावा आहेच. भांडायला एवढं असल्यावर त्या ४० मिनिटांवर कोण भांडणार?

माझ्या मावसबहिणीची मुलगी तिकडं मराठी शाळेत शिकवते. तिनं दुसरीच्या इंग्रजीचं पाठ टाचण मला व्हॉट्सॲपवर पाठवलं. उद्दिष्टं, साधनं, मूल्यमापन, सगळे रकाने सुबक अक्षरात भरलेले. विषय फळांची नावं. कृती: बाई म्हणतील, मुलं मागून म्हणतील. म्हणजे सगळा वर्ग ओरडणार, आणि एकही पोर स्वतःहून काही बोलणार नाही.

मी म्हटलं, दहा शब्द सोड, एक वाक्य घे. 'गिव्ह मी'. पहिल्यांदा नुसतं ऐकून करू देत. 'गिव्ह मी द पेन्सिल' म्हटलं की पेन्सिल हातात द्यायची, बोलायची सक्ती नाही. दोन-तीन दिवसांनी पोरांनी एकमेकांकडं मागायचं. वाचन-लेखन त्याच्यानंतर. कारण मराठी काय नि कन्नड काय, अक्षर दिसेल तसं वाचायची आपल्या पोरांना सवय. 'गिव्ह' आणि 'फाइव्ह' यांची शेवटची तीन अक्षरं तीच, मग उच्चार वेगळा का, हे फळ्यावर आधी आलं की तास त्यातच बुडतो.

आणि एक मिनिट खुशाल मराठीत बोल. इंग्रजीच्या तासाला दुसरी भाषा नको, हा नियम कुणी केला कोण जाणे, तिथं तरी तो मला पटत नाही. 'मला पेन्सिल दे', 'ननगे पेन्सिल कोडु'. घरातली मराठी आणि बाजारातलं कन्नड, दोन्हीत क्रियापद शेवटी. म्हणून पोर 'मी पेन्सिल गिव्ह' म्हणतं. ते मठ्ठ नाही, त्याला येणाऱ्या दोन्ही भाषांचा नियम ते पाळतंय. इंग्रजीत 'दे' आधी येतो, एवढं एकदा सांगायचं.

तिचं उत्तर आलं, "मामा, एका खोलीत तीन वर्ग हाईत. पेन्सिली नऊ. तुम्ही तिकडनं सांगायलाय."

चार दिवस मी गप्प. पाचव्या दिवशी तिचाच फोन. पेन्सिलींच्या ऐवजी तिनं चिंचोके आणले होते, प्रत्येकाला पाच. तिसरीतल्यांनी मागायचं, 'गिव्ह मी टू', 'गिव्ह मी थ्री', आणि पहिलीतल्यांनी मोजून द्यायचे. पहिलीतल्या एका पोरानं मूठ घट्ट मिटली, पाठीमागं लपवली आणि म्हणालं, "नो गिव्ह!"

हे वाक्य तिनं शिकवलं नव्हतं. टाचणात ते कुठल्या रकान्यात लिहू, असं ती मला विचारत होती.