औंधच्या नकला

औंधचं म्युझियम बघून आलेला माणूस हमखास दोन गोष्टी सांगतो. एक, तिथे चक्क हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची मूर्ती आहे! आणि दोन, बाकी बऱ्याचशा नकलाच आहेत हो. (पुण्यातलं औंध नव्हे. सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं, यमाईचं.) मूरबद्दल वाद नाही. पण त्या नकलांवरून नाक मुरडणाऱ्यांशी मला भांडायचंय.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये औंध संस्थानाच्या गादीवर आले. संस्थान ते केवढं! वस्ती लाखाच्या आत, आणि मुलूखही सलग नाही. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे. राजा स्वतः चित्रकार. लोकांना त्यांचे सूर्यनमस्कार आठवतात, पण १९१६ चं चित्ररामायण कुणाला आठवत नाही. १९३८ मध्ये त्यांनी यमाईच्या डोंगरावर हे संग्रहालय उभं केलं. त्याच सुमारास ते स्वतःची सत्ता प्रजेच्या हाती देत होते. १९३९ मध्ये औंधात स्वराज्याची घटना लागू झाली. मला ही दोन्ही कामं एकाच माणसाला सुचणं अगदी साहजिक वाटतं.

कारण म्युझियम कुणासाठी, ते बघा ना. देवीला आलेल्या शेतकऱ्यासाठी, संस्थानातल्या शाळेतल्या पोरांसाठी. ती कधी युरोपला जाणार होती? तेव्हा तिकडच्या शिल्पांच्या प्लास्टरमधल्या प्रतिकृती इकडे आणल्या. यात कसली आलीय फसवणूक?

अजिंठ्याच्या चित्रांच्या नकलांचं तर विचारूच नका. रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं वर्षानुवर्षं लेण्यांत बसून नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या आर्ट स्कूलचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आणि तिथले विद्यार्थी कामाला लागले. त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. इकडे लेण्यांत मूळ चित्रांवर चढवलेलं व्हार्निश पिवळं पडत चाललेलं. अशात हा छोट्या संस्थानाचा राजा चित्रकारांना घेऊन अजिंठ्याला जातो, नकला करवून घेतो, १९३२ साली त्यावर पुस्तक काढतो. आता त्या नकला आपण 'ओरिजिनल नाही' म्हणून दोन मिनिटांत उरकायच्या?

अस्सल मालही काही कमी नाही, म्हणा. रविवर्म्याची सैरंध्री आहे, धुरंधर आहेत, जुनी लघुचित्रं आहेत. आणि मूरची ती दगडातली आई-लेकरू. मूर्ती लहानशीच, नाक-डोळे जेमतेम खुणेपुरते. ती जगात नावाजलेली आहे हे ठाऊक नसेल, तर माणूस तिच्यापुढून सहज निघून जाईल, आणि शेजारच्या खोलीत रविवर्म्याच्या रेशमी चुण्यांपुढे रेंगाळेल. रेंगाळू दे की!

अधूनमधून कुणीतरी म्हणतं, हा ठेवा मुंबई-पुण्याला हलवा, इथे येतंय कोण. माझा साफ विरोध. मूर मुंबईत शोभेलही, पण त्या प्रतिकृती तिथे गोदामात जातील, हे मी आजच लिहून देतो. त्यापेक्षा एक करा. प्रत्येक नकलेखाली ती कुणी केली, कधी केली आणि मूळ चित्र आज कुठल्या अवस्थेत आहे, हे मराठीत ठळक लिहा. अजिंठ्याच्या चित्रांशेजारी तर लेण्यातला आजचा फोटोच लावा. मग बघू, नकलाच आहेत असं कोण म्हणतं ते.