ताप आणि सुरमई

रविवारी मावशीच्या नातवाची मुंज होती आणि मला ताप होता. म्हणजे मावशीला तसं कळवलं होतं. प्रत्यक्षात मी हरिहरेश्वरला सुरमईच्या थाळीसमोर बसलो होतो.

मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही. स्टेटस टाकण्याआधी 'यांना वगळून'मध्ये जाऊन ४३ नातेवाईक एकेक करून टिपले. तोवर सोलकढी कोमट झाली. मुंजीच्या आमंत्रणांची यादीसुद्धा कुणी इतकं मन लावून केली नसेल. शिवाय २४ तासांनी स्टेटस आपोआप पुसलं जातं, म्हणजे पुरावाही उरत नाही.

राहिला एकच नंबर. 'इस्त्री' या नावाने सेव्ह केलेला.

काल कपडे आणायला गेलो, तर टपरीपाशी मावशी. हातात मुंजीतल्या साड्या.

"बरं वाटतंय का रे आता?"

मी शास्त्रापुरता खोकलो.

"साहेबांना काय झालंय?" इस्त्रीवाल्याने मान वर न करता विचारलं. "निळा चेक्सचा शर्ट शुक्रवारी मी कडक करून दिला. तुम्ही बॅगेत कोंबलात. कॉलरची पार वाट. झूम करून बघितली मी."

"जुना फोटो असेल."

"जुना कसा? शर्टच नवा आहे. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा आला माझ्याकडे." त्याने तोच शर्ट उचलून खिसा उलटा केला. चिमूटभर वाळू पडली. "ही समुद्राची. इस्त्रीला चरे पडतात हिने. बाकी तुकडी मोठी होती. वहिनींनी अर्धीच खाल्ली वाटतं?"

मावशी वाळूकडे बघत होती.

मावशीचे दोन दीरही मुंजीला आले नव्हते. ते लोणावळ्याला होते, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण त्यांनी स्टेटस टाकलं नाही, म्हणून ते अजून इज्जतीत आजारी आहेत. आपल्या घराला कुलूप आहे, ही दवंडी चार दिवस आपणच पिटायची आणि वर बोलणीही आपणच खायची!

बरं, या माणसावर चिडायचीही सोय नाही. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या ऑपरेशनला बी निगेटिव्ह रक्त हवं होतं, तेव्हा टाकलेलं स्टेटस १८७ जणांनी बघितलं. नातेवाइकांनी जोडलेले हात पाठवले. रक्त द्यायला आला तो या इस्त्रीवाल्याचा भाचा.

तरी रात्री त्यालाही वगळायला यादी उघडली. बोट तिथेच थांबलं. चार दिवस स्टेटस दिसलं नाही, की हा भर रस्त्यात ओरडून विचारणार, "साहेब, ताप उतरला नाही का अजून?"