कृतज्ञतेची वही आणि बैलाचा खांदा

काही शाळांमध्ये हल्ली 'कृतज्ञता वही' हा उपक्रम चालतो. परिपाठ झाला की मुलांनी रोज तीन गोष्टींबद्दल आभार लिहायचे आणि शिक्षकांनी त्याखाली सही करायची. हेतू चांगलाच आहे. पण वह्या चाळल्या तर पानोपानी आई, बाबा, देव आणि शाळा हीच चौकडी भेटते. माझे मत स्पष्ट आहे: आभार लिहायला लावून कृतज्ञता अंगी येत नाही, आपल्यासाठी कोणी काय झीज सोसली हे मुलाला स्वतःला दिसावे लागते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेफ्री फ्रोह आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच दिशेचा आहे. मदत करणाऱ्याने ती मुद्दाम केली का, त्यासाठी त्याला काय खर्ची घालावे लागले आणि आपल्याला तिचा काय उपयोग झाला, असा विचार करायला त्यांनी ८ ते ११ वर्षांच्या मुलांना शिकवले. पुढे संधी मिळाली तेव्हा या मुलांनी आपण होऊन आभाराच्या चिठ्ठ्या इतरांपेक्षा जास्त लिहिल्या. (रोजच्या सक्तीबद्दलही थोडे सावध राहावे. मानसशास्त्रज्ञ सोनिया ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचे समाधान वाढले, तीनदा लिहिणाऱ्यांचे वाढले नाही. अर्थात तो प्रयोग मोठ्यांवरचा होता.)

आपल्याकडे हे शिक्षण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी होत आले आहे. जुवाने घासून बैलाच्या खांद्यावर जिथे घट्टा पडलेला असतो, ती जागा खांदमळणीला कोमट पाण्याने शेकतात, तूप-हळद लावून चोळतात आणि 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' असे बैलाला निमंत्रण देतात. त्या खडबडीत कातड्यावरून ज्या मुलाचा हात फिरला, त्याला बैलाचे उपकार या विषयावर निबंध घोकावा लागत नाही.

आता बहुतेक मुलांच्या घरी बैल नाही. पण शाळेत शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या ताई आहेत. सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलामागे १५० ग्रॅम तांदूळ हे ठरलेले प्रमाण फळ्यावर मांडून शंभर मुलांचा हिशेब मुलांनाच करू द्यावा. पंधरा किलो तांदूळ निवडायला, धुवायला किती वेळ लागतो, पातेले चुलीवरून किती जणी उतरवतात, ताई घरून किती वाजता निघतात आणि स्वतः कधी जेवतात, हे एखाद्या शनिवारी मुलांनी त्यांनाच विचारावे. त्यानंतर वहीत जे उतरेल त्यावर सही नसली तरी चालेल.

एक पथ्य मात्र पाळायला हवे. खिचडीत खडा निघाला तर मुलाने तो सांगितलाच पाहिजे. 'मिळते आहे ते गुमान खा' असे दटावणे म्हणजे कृतज्ञतेच्या नावाखाली मिंधेपणा शिकवणे होय. आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेत मिळणारे हे जेवण २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे, त्यामुळे त्याबद्दल सरकारचे उपकार मानण्याचे कारण नाही. ताईंच्या कष्टांची गोष्ट वेगळी आहे, आणि ते कष्ट समजून घेताना एखाद्या मुलाने त्यांना मानधन किती मिळते, ते वेळेवर होते का, असे विचारले तर शिक्षकांनी विषय बदलू नये.