थवा उडवून काय मिळालं?

आज सकाळी सव्वासातला चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर, दोघांनी आपापल्या कयाक (वल्ह्यानं चालवायच्या अरुंद होड्या) सरळ चक्रवाक बदकांच्या थव्यात घातल्या. का, तर सगळे एकदम उडाले की व्हिडिओ भारी येतो! उडाले. शे-दीडशे पक्षी आरडाओरडा करत पूर्णेच्या अंगाला गेले. काठावर भरीत पार्टीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या कसल्या वाजवता भाऊ? हे पाहुणे लडाख-तिबेटकडून येतात. पट्टकादंब हा हंस तर हिमालय ओलांडून येतो. रात्री चरायचं आणि दिवसा पाण्यावर विसावायचं, असा यांच्यातल्या बहुतेकांचा दिनक्रम. तो विसावाच तुम्ही मोडता. मार्चमध्ये परतीची वाट धरायची तर अंगावर चरबी लागते, आणि ती अशा फुकटच्या उड्डाणांत जळते.

कयाकचं नाक पक्ष्यांवर रोखायचंच नाही. तिरकं जायचं, बाजूनं निघून चाललोय असं त्यांना वाटलं पाहिजे. वल्हं खांद्याच्या वर उचलू नका, ओलं पातं उन्हात आरशासारखं चमकतं. पातं खाली ठेवून छोटे छोटे हात मारा. कयाकच्या कडेला वल्हं आपटलं की तो ठक्क आवाज पाण्यावरून फार लांब जातो. शंभरेक मीटरवर थांबा. चरणं थांबलं, माना ताठ झाल्या, की वल्हं मांडीवर आडवं ठेवायचं आणि गप्प बसायचं. पाच-दहा मिनिटांत माना पुन्हा पिसांत जातात. मग तलवार बदकाची शेपटी बघा, थापट्या बदकाची ती रुंद चोच बघा. दुर्बीण ८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुरे. जास्त मोठं करून दाखवणारी घेतली तर डुलत्या कयाकमध्ये चित्र स्थिर राहत नाही.

सकाळच्या दोन कयाकांनी यातलं एकही पाळलं नाही. वर सुती जॅकेट! आपण कापूस पिकवणारी माणसं, पण पाण्यावर सुती नको. भिजलं की वाळत नाही, आणि जानेवारीत पारा आठ-दहावर असतो. लोकरी किंवा सिंथेटिक घाला, लाईफ जॅकेटचे बक्कल लावा, कोरडे कपडे ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर वारा परत आणतो. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या तर खाली मासेमारांचं जाळं आहे. कयाकच्या तळाची फिन (पाण्यात उतरलेली पट्टी) त्यात अडकते. अडकली तर ओढू नका, कापू तर मुळीच नका. मागे सरकून हातानं सोडवा. काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो, पाय टाकला की गुडघाभर आत. घाटाच्या दगडावरूनच उतरा. खाली हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांकडे फिरकू नका.

मान्य, लोक आले तर गावातल्या पोरांना चार पैसे मिळतील. मिळू द्या. पण पक्षीच आले नाहीत तर दाखवणार काय?

वारकरी पक्ष्याला तर जागेवरून उडताही येत नाही. पाण्यावर पाय आपटत लांबवर धावावं लागतं, तेव्हा कुठे तो उठतो. सकाळी त्यांचीही तशीच धावपळ झाली. अर्ध्या तासानं ते एकेक करून परत आले.

चक्रवाकांची जागा साडेनऊलाही रिकामीच होती.