नवी बॅटरी टाकल्यावर गाडी सुरू झाली, म्हणजे बॅटरीच गेली होती का?

नमस्कार काका,

तुम्ही तुमच्या गाडीची सगळी हकिकत लिहिलीत, त्यामुळे मलाही नेमकं उत्तर देता येतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सकाळी सेल्फ जड फिरत होता. मीटर लावला तर बॅटरी 12.5 व्होल्ट, म्हणजे ठीक. तरी गॅरेजवाल्याने नवी बॅटरी टाकली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मग आधी मीटरने मोजा, हा खटाटोप मी लोकांना कशाला सांगतो, मिस्त्रीचा कान पुरेसा आहे, असं तुम्ही म्हणता.

मिस्त्रीच्या कानाला माझा विरोध नाही. सेल्फ जड झाला की बहुतेक वेळा बॅटरीच निघते, हेही खरं. पण गाडी उभी असताना घेतलेलं व्होल्टेज फक्त चार्ज किती आहे ते सांगतं. 12.6 च्या आसपास असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली, 12.2 ला साधारण निम्मी. तिच्यात दम किती उरलाय ते सेल्फ मारतानाच कळतं. हेडलाइटचे 55 वॉटचे दोन बल्ब मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात. छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर, म्हणजे सेल्फ मारल्यावर इंजिन फिरवणारी मोटर, शंभर-दोनशे अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून बराच जास्त. प्लेटांवर सल्फेट धरलेली जुनी बॅटरी दिवे मजेत पेटवते आणि दीडशे अँपिअर मागितले की बसते. म्हणून मीटर बॅटरीला लावून ठेवायचा आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगायचं. बॅटरी पूर्ण चार्ज असताना, आपल्याकडच्या हवेत, आकडा 9.6 च्या खाली घसरला तर बॅटरीवर संशय घ्यायचा. तुमच्या 12.5 नंतर हीच पायरी राहिली.

आता खरा मुद्दा. बॅटरी बदलताना फक्त बॅटरी बदलत नाही. दोन्ही टर्मिनल, म्हणजे बॅटरीच्या खुंट्या आणि त्यांवरचे केबलचे क्लॅम्प, सुटतात, खरवडले जातात, पुन्हा घट्ट आवळले जातात. टर्मिनलवरच्या पांढऱ्या-हिरव्या बुरशीमुळे तिथे एका ओहमचा शंभरावा भाग एवढाच अडथळा आला, तरी दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खर्च होतो. तेवढा स्टार्टरला कमी मिळतो आणि सेल्फ रडतो. म्हणजे तुमची गाडी नव्या बॅटरीने सुरू झाली की साफ केलेल्या टर्मिनलने, हे आज कोणीच सांगू शकत नाही. शिवाय दोष केबलमध्ये असला, तरी ताजी बॅटरी काही महिने त्याच्यावर मात करते आणि मग तीच तक्रार पुन्हा उभी राहते. माझा आग्रह आहे तो एवढ्यासाठीच. बॅटरीला काही हजार रुपये पडतात, आणि हे मोजायला साधा मल्टिमीटर नि मदतीला एक माणूस लागतो.

ते कसं मोजायचं ते जरा सावकाश सांगतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीच्या शिशावर टेकवायचं. क्लॅम्पवर नाही, थेट खुंटीवर, कारण पुष्कळदा दोष त्या दोघांच्या मधेच असतो. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग नसलेल्या जागी. सेल्फ मारताना इथे 0.2 ते 0.3 व्होल्टपर्यंत चालतं. एक व्होल्ट दिसला तर अर्थिंगमध्ये, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंतच्या जोडणीत, गडबड आहे. मग एक टोक खुंटीवरच ठेवून दुसरं टप्प्याटप्प्याने अलीकडे आणायचं: अर्थिंगचा बोल्ट, केबलचं टोक, क्लॅम्प. ज्या टप्प्यावर आकडा एकदम उतरतो, दोष त्याच टप्प्यात. पॉझिटिव्ह बाजूलाही तसंच, खुंटीपासून स्टार्टरच्या जाड बोल्टपर्यंत. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. गाडी लगेच सुरू होत असेल तर पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवा, म्हणजे आकडा वाचायला वेळ मिळतो. मात्र सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका.

मीटर नसेल तर जंपर केबलची एकच तार बॅटरीच्या निगेटिव्हवरून इंजिनच्या धातूला जोडा, पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब. सेल्फ लगेच जोमात फिरला तर अर्थिंगची पट्टी गेली. कोकणात, मुंबईत खाऱ्या हवेने ही पट्टी आतून कुजते. वरचं आवरण चांगलं दिसतं आणि सोललं की तांब्याचे धागे हिरवे भुकटी झालेले असतात.

बॅटरी आणि दोन्ही केबल ठीक निघाल्या, तरच स्टार्टर उतरवायचा. इंजिन तापल्यावरच सेल्फ जड होतो, थंडीत नाही, अशी तक्रार असेल तर मी आधी स्टार्टरचे बुश (दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) आणि कार्बन ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे) बघायला सांगेन. तिथे बुश झिजून आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, घासत असेल तर क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा मीटर) करंट नेहमीपेक्षा चढा दिसतो. करंट कमी आणि फिरणंही मंद, तर अडथळा वाटेत आहे किंवा बॅटरी देत नाहीये.

तुमची नवी बॅटरी बसलेलीच आहे, तर याच रविवारी निगेटिव्ह खुंटी ते इंजिन एवढं एकच मोजा आणि आकडा इथे लिहा. 0.3 च्या आत आला तर अर्थिंगचा प्रश्न मिटला. जास्त आला तर पट्टी बदलून घ्या, आणि जुनी बॅटरी अजून गॅरेजमध्ये पडून असेल तर ती चार्ज करून लोडवर, म्हणजे जास्त करंट ओढून, तपासायला सांगा.